व्हिडिओ टीव्हीवर चालत नाही? आधी फाइलचं शेपूट बघा, मग डबा उघडा

गेल्या श्रावणात आत्याचा फोन आला. "अरे, मंगळागौरीचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतला, पण टीव्ही म्हणतोय ही फाइल चालत नाही. सोनूनं नाव बदलूनही पाहिलं. बिघडली का रे फाइल?"

फाइल धडधाकट होती. ज्या फोनवर व्हिडिओ काढला होता, त्यावर फुगड्या, झिम्मा, पिंगा सगळं स्वच्छ दिसत होतं. सोनूनं, म्हणजे आत्याच्या नातवानं, फाइलच्या नावाच्या शेवटी '.एमओव्ही' होतं ते खोडून '.एमपी४' लिहिलं होतं, कारण टीव्हीच्या पुस्तिकेत 'एमपी४ चालतं' असं छापलेलं होतं. पोराचा विचार सरळ होता. पण नावाच्या त्या शेपटाला आपण समजतो तेवढा अधिकार नसतो.

संगणकाशी नुकती ओळख झालेल्यांसाठी हे लिहितो आहे. संगणक समोर ठेवून, एकेक पायरी करत वाचलंत तर जास्त उपयोग होईल. स्क्रीनवर ही सगळी नावं रोमन अक्षरांत दिसतील. इथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

पहिली पायरी: लपवलेलं शेपूट उघड करा

फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर जी दोन-चार अक्षरं येतात ते एक्स्टेन्शन. 'मंगळागौर.एमपी४'मधलं एमपी४, 'अर्ज.पीडीएफ'मधलं पीडीएफ. विंडोज ही अक्षरं सहसा लपवून ठेवतं, त्यामुळे पुष्कळांना ती कधी दिसलेलीच नसतात.

विंडोज ११ असेल तर कुठलाही फोल्डर उघडा, वरच्या पट्टीत 'व्ह्यू'वर क्लिक करा, उघडलेल्या यादीत तळाशी 'शो' आहे, त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' टॅबमध्येच त्या नावाचा चौकोन सापडेल. मॅकवर फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये 'ॲडव्हान्स्ड' खाली 'शो ऑल फाइलनेम एक्स्टेन्शन्स' आहे. एकदा टिक केलीत की सगळ्या फोल्डरांत शेपटं दिसू लागतील.

व्हिडिओ बघायचा नसला तरी ही एक टिक प्रत्येकानं करून ठेवावी असं मला मनापासून वाटतं. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस ईमेलमधून जगभर पसरला. त्याच्या फाइलचं नाव 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस' असं होतं. विंडोज शेवटचं व्हीबीएस लपवायचं, म्हणून लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली आणि त्यांनी ती उघडली. प्रत्यक्षात तो चालणारा प्रोग्राम होता. हीच युक्ती आता फोनवर आली आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून '.एपीके' फाइल पाठवायची आणि ती उघडणाऱ्याचा फोन ताब्यात घ्यायचा, असे प्रकार आपल्याकडे घडले आहेत. लग्नपत्रिका जेपीजी असेल, पीडीएफ असेल, एमपी४ असेल. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर बसवायचं ॲप. पत्रिकेच्या शेवटी एपीके, ईएक्सई, एससीआर किंवा व्हीबीएस दिसलं तर ती उघडायची नाही, मग पाठवणारा सख्खा मामा का असेना. त्याचाच फोन आधी कुणाच्या तरी ताब्यात गेलेला असू शकतो.

शेपूट बहुतेकदा तीन अक्षरांचं का असतं, याचं कारण जुनं आहे. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या संगणकप्रणालीच्या काळात फाइलच्या नावाला आठ अक्षरं आणि शेपटाला तीन, एवढीच जागा होती. म्हणून 'जेपीईजी'चं 'जेपीजी' झालं, 'एमपीईजी'चं 'एमपीजी' झालं. विंडोज ९५ आल्यावर लांब नावं चालू लागली, पण तीन अक्षरांची सवय राहिली. तेव्हा 'फोटो.जेपीजी' आणि 'फोटो.जेपीईजी' यांत काहीही फरक नाही.

दुसरी पायरी: शेपूट बदलून बघा, हातानं

एखाद्या नकोशा पीडीएफची कॉपी करा. मूळ फाइलला हात लावू नका, कॉपीवरच प्रयोग करायचा. तिचं शेपूट बदलून जेपीजी करा. विंडोज विचारेल, असं केल्यानं फाइल उघडेनाशी होऊ शकते, बदलायचं का? हो म्हणा. चिन्ह बदलेल. आता दोनदा क्लिक केलंत तर फोटो दाखवणारा प्रोग्राम उघडेल आणि ही फाइल मला कळत नाही असं सांगेल. शेपूट परत पीडीएफ करा. फाइल पहिल्यासारखी उघडेल.

आतलं एक अक्षरही हललं नाही. शेपूट म्हणजे डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी. तांदळाच्या डब्यावर 'रवा' असं लिहिलं तर स्वयंपाकघरात नवं माणूस फसेल, पण तांदूळ तांदूळच राहतील.

मग आत काय आहे हे कुठे कळतं? फाइलच्या अगदी सुरुवातीला. तीच पीडीएफ नोटपॅडमध्ये उघडा. खाली अगम्य चिन्हांचा रगाडा दिसेल, पण पहिल्याच ओळीत टक्क्याच्या चिन्हानंतर पीडीएफ ही अक्षरं स्पष्ट दिसतील. बहुतेक प्रकारच्या फाइलींना अशी खूण असते. झिप फाइल, म्हणजे अनेक फाइली दाबून एकत्र बांधलेलं गाठोडं, 'पीके' या दोन अक्षरांनी सुरू होते. झिपचा प्रकार बनवणाऱ्या फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरं. एव्हीआय व्हिडिओच्या सुरुवातीला 'आरआयएफएफ' असतं, आणि एमपी४च्या सुरुवातीलाच 'एफटीवायपी' सापडतं. नोटपॅडमध्ये बघून झालं की काहीही सेव्ह न करता बंद करा. सेव्ह केलंत तर मात्र फाइल खरोखर बिघडेल.

आता माझा आवडता प्रयोग. फोटो टाकलेल्या एखाद्या वर्डच्या डीओसीएक्स फाइलची कॉपी घ्या, शेपूट बदलून झिप करा आणि उघडा. आत फोल्डर दिसतील. 'वर्ड' नावाच्या फोल्डरात 'मीडिया' आहे, आणि त्यात तुमचे सगळे फोटो ओळीनं ठेवलेले आहेत. डीओसीएक्स ही आतून झिपच असते. संस्थेच्या वार्षिक अहवालातून चाळीस फोटो एकेक करून बाहेर काढायचे असतात, तेव्हा ही युक्ती दुपार वाचवते.

तिसरी पायरी: डबा वेगळा, जिन्नस वेगळा

व्हिडिओच्या बाबतीत गोष्ट आणखी एक पदर उलगडते, आणि सगळा गोंधळ इथेच होतो. त्यामुळे इथे जरा थांबू.

ऑफिसला नेतो तो जेवणाचा डबा आठवा. एका कप्प्यात पोळ्या, एकात भाजी, एकात वरण. व्हिडिओची फाइलही अशीच असते. एका कप्प्यात चित्र, दुसऱ्यात आवाज, कधी तिसऱ्यात उपशीर्षकं. शिवाय कोणत्या चित्राबरोबर कोणता आवाज वाजवायचा, याचा हिशेब. या डब्याला कंटेनर म्हणतात. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही ही सगळी डब्यांची नावं. फाइलचं शेपूट फार तर डबा कोणता ते सांगतं.

आत भरलेलं चित्र आणि आवाज ज्या पद्धतीनं दाबून बसवलेले असतात, ती पद्धत म्हणजे कोडेक. एच.२६४, एच.२६५, एमपेग-२, एव्ही१ ही चित्राच्या कोडेकची नावं. एएसी, एमपी३, एसी३, डीटीएस ही आवाजाच्या. एकाच एमपी४ डब्यात एच.२६४ असू शकतं आणि एच.२६५ही असू शकतं. बाहेरून दोन्ही डबे सारखेच. टीव्हीला पहिलं पचतं, दुसरं पचत नाही.

दाबावं का लागतं, ते एका हिशेबात कळेल. फुल एचडी चित्र म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले तर एका चित्राला सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ चित्रं म्हणजे १५५ एमबीच्या वर. तासाभराच्या व्हिडिओला जवळपास ५६० जीबी! न दाबलेला तासाभराचा कार्यक्रम घरातल्या पुष्कळ लॅपटॉपवर मावणारही नाही.

कोडेक काय करतो, तर एक चित्र पूर्ण साठवतो आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढं टिपतो. कीर्तनाचा व्हिडिओ घ्या. मागचा पडदा हलत नाही, पेटीवाला जागेवर आहे, हलतात ते बुवांचे हात आणि टाळकऱ्यांचे टाळ. एवढंच टिपायचं असल्यानं फाइल लहान होते आणि चित्रही छान राहतं. आता विसर्जन मिरवणुकीचा व्हिडिओ लावा आणि गुलाल उधळला जातो त्या क्षणी नीट बघा. चित्राचे चौकोन चौकोन होतात. कारण गुलालाचा कण न् कण प्रत्येक चित्रात नव्या जागी असतो, आधीच्या चित्रातून काहीच उसनं घेता येत नाही, आणि दिलेल्या जागेत सगळं मावत नाही. धबधबा, पाऊस, लग्नात उडवलेली चमकी यांचंही हेच होतं. कॅमेरा वाईट होता असं म्हणण्याआधी हे ध्यानात घ्या.

डब्यांची ओळख चटकन करून देतो. एव्हीआय हा मायक्रोसॉफ्टचा १९९२ चा डबा. जुन्या सीडींवर भेटेल. एमओव्ही ॲपलच्या क्विकटाइमचा, १९९१ चा. त्याच्याच रचनेवरून पुढे एमपी४ हा आंतरराष्ट्रीय मानक डबा तयार झाला, म्हणून ते दोघे आतून सख्ख्या भावांसारखे आहेत. एमकेव्ही म्हणजे मात्रोश्का, २००२ मध्ये सुरू झालेला खुला प्रकल्प; एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून नाव घेतलं आहे. त्यात वाटेल तो कोडेक, कितीही भाषांचे आवाज आणि उपशीर्षकं मावतात, म्हणून चित्रपट साठवणाऱ्यांना तो आवडतो आणि जुन्या टीव्हींना झेपत नाही. वेबएम हा गूगलनं २०१० मध्ये वेबसाठी आणला. ३जीपी हा की-पॅडच्या फोनांचा बारका डबा. एमटीएस हा हँडीकॅममधून येतो. व्हीओबी डीव्हीडीवरचा, आणि डीएटी व्हीसीडीवरचा. एफएलव्ही फ्लॅशचा, म्हणजे पूर्वी वेबवर व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रामचा; फ्लॅशच २०२० च्या अखेरीस बंद झालं, त्यामुळे नव्यानं कुणी बनवत नाही, पण जुन्या हार्ड डिस्कवर असतात.

एक गैरसमज फार पसरलेला आहे: एमपी४ म्हणजे एमपी३ची पुढची आवृत्ती. तसं नाही. एमपी३ हा आवाजाचा कोडेक आहे, त्याचं पूर्ण नाव एमपेग-१ ऑडिओ लेयर ३. एमपी४ हा एमपेग-४ या मानकातला डबा आहे. नावं शेजारी दिसतात, कामं वेगळी आहेत.

सोसायटीच्या सीसीटीव्हीतून काढलेल्या फाइलींबद्दलही इथेच सांगतो. चित्रण साठवणाऱ्या बऱ्याच डीव्हीआर यंत्रांतून '.डीएव्ही' फाइल निघते आणि ती नेहमीच्या प्लेअरमध्ये नीट चालत नाही. फुटेज काढतानाच एमपी४ किंवा एव्हीआयचा पर्याय मिळतो का ते पाहा. चोरीबिरीचं प्रकरण असेल तर यंत्रातून निघालेली मूळ फाइल जशीच्या तशी जपा आणि पोलिसांना तीच द्या. बघण्यासाठी बदललेली प्रत वेगळी ठेवा.

चौथी पायरी: आत काय आहे ते पाहा

व्हीएलसी हा प्रोग्राम उतरवून घ्या. फुकट आहे, खुला आहे, पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झाला. रस्त्यावरच्या नारिंगी शंकूचं चिन्ह आहे त्याचं. तो व्हिडिओलॅनच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, जाहिरातीतल्या 'डाउनलोड' बटणावरून नको. तो जवळपास सगळे कोडेक बरोबर घेऊन येतो, त्यामुळे वेगळे 'कोडेक पॅक' शोधत फिरायची गरज पडत नाही.

व्हिडिओ व्हीएलसीत उघडा. 'टूल्स' मेनूत 'कोडेक इन्फर्मेशन' आहे, कंट्रोल आणि जे एकत्र दाबलं तरी चालतं. मॅकवर 'विंडो' मेनूत 'मीडिया इन्फर्मेशन'. खिडकीत प्रत्येक कप्पा वेगळा दिसेल: एक व्हिडिओचा, एक ऑडिओचा. 'कोडेक' या शब्दापुढे काय लिहिलंय ते कागदावर उतरवा. रिझोल्यूशन (चित्रात ठिपके किती) आणि फ्रेम रेट (सेकंदाला चित्रं किती) हेही तिथेच आहेत.

आत्याच्या फाइलच्या बाबतीत त्या ओळीत 'एमपेग-एच पार्ट २/एचईव्हीसी (एच.२६५)' असं होतं. आवाज एएसी. म्हणजे टीव्हीला आवाज पचला असता, चित्र नाही. टीव्ही २०१२ चा, एच.२६५ हे मानक २०१३ मध्ये आलं. जन्माआधीची भाषा त्या टीव्हीला कुठून येणार? पुस्तिकेच्या मागच्या पानावर बारीक टाइपात एक तक्ता होता. त्यात एमपी४च्या ओळीत 'एच.२६४' एवढंच लिहिलं होतं. तुमच्या टीव्हीच्या पुस्तिकेतही यूएसबीच्या भागात असा तक्ता सापडेल. तो फाडून नाही, पण फोटो काढून जवळ ठेवा.

एच.२६५ जवळपास तेवढ्याच दर्जाचं चित्र निम्म्या जागेत बसवतं, म्हणून नवे फोन त्याच्याकडे वळले. आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून ते वापरतो. जुन्या टीव्हीवर दाखवायचाच असेल असा कार्यक्रम टिपण्याआधी आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा. पुष्कळ अँड्रॉइड फोनांच्या कॅमेरा सेटिंग्जमध्येही 'हाय एफिशिअन्सी व्हिडिओ' बंद करायची सोय असते.

पाचवी पायरी: रोग बघून औषध

इथे घाई करून सगळं 'कन्व्हर्ट' करायला धावू नका. आधी कागदावर उतरवलेलं पुस्तिकेतल्या तक्त्याशी ताडून पाहा. तीनपैकी एक निघेल.

जिन्नस बरोबर आणि डबा चुकीचा असेल, म्हणजे आत एच.२६४ आणि एएसी आहे पण शेपूट एमकेव्ही, तर फक्त डबा बदलायचा. पोळी-भाजी तशीच उचलून दुसऱ्या डब्यात. एव्हिडेमक्स नावाचा फुकट प्रोग्राम यासाठी मला सगळ्यात सोपा वाटतो. फाइल उघडा, डावीकडे 'व्हिडिओ आउटपुट'मध्ये 'कॉपी', 'ऑडिओ आउटपुट'मध्येही 'कॉपी', 'आउटपुट फॉरमॅट'मध्ये 'एमपी४ मक्सर' निवडा आणि सेव्ह करा. दोन तासांचा चित्रपट काही मिनिटांत होतो आणि दर्जात तसूभर फरक पडत नाही.

चित्र दिसतंय पण आवाज नाही, ही दुसरी तक्रार. बहुधा आवाज डीटीएस किंवा एसी३ आहे आणि टीव्हीला किंवा फोनमधल्या प्लेअरला तो कळत नाही. एव्हिडेमक्समध्येच चित्र 'कॉपी'वर ठेवा आणि 'ऑडिओ आउटपुट'मध्ये एएसीचा पर्याय निवडा. चित्राला धक्का लागत नाही.

चित्राचाच कोडेक पचत नसेल, जसं आत्याचं झालं, तर मात्र नव्यानं शिजवावं लागतं, म्हणजे चित्र दुसऱ्या कोडेकनं पुन्हा दाबावं लागतं. यासाठी हँडब्रेक नावाचा प्रोग्राम. फाइल त्यात ओढून टाका, 'प्रीसेट'मध्ये 'फास्ट १०८०पी३०' निवडा, कुठे सेव्ह करायचं ते सांगा आणि 'स्टार्ट एन्कोड' दाबा. एच.२६४ आणि एएसी असलेली एमपी४ तयार होते. मूळ व्हिडिओ ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा असेल तर तो फुल एचडीवरही येतो, जे जुन्या टीव्हीला हवंच असतं. वेळ लागतो. जुन्या लॅपटॉपवर तासाभराचा व्हिडिओ तासाहून जास्त खाऊ शकतो, पंखाही घोंघावेल. घाबरू नका.

प्रत्येक वेळी नव्यानं शिजवताना दर्जा थोडा घसरतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं फिकट होत जातात, तसं. आणि एच.२६४चं परत एच.२६५ केलं म्हणून गेलेला बारकावा परत येत नाही. म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नका. हे मी अनुभवावरून सांगतो आहे. पूर्वी एकदा मी वडिलांच्या निवृत्तीच्या समारंभाचे व्हिडिओ जागा वाचवण्यासाठी लहान करून मूळ फाइली काढून टाकल्या. आज मोठ्या टीव्हीवर ते लावले की बाबांचा चेहरा मेण वितळल्यासारखा दिसतो, आणि आता त्यावर काही इलाज नाही.

व्हॉट्सॲपवरून आलेले व्हिडिओ धूसर का दिसतात, याचंही उत्तर यातच आहे. व्हिडिओ म्हणून पाठवलात की व्हॉट्सॲप तो पुन्हा दाबतं. नातेवाइकांकडून चांगली प्रत हवी असेल तर त्यांना सांगा, क्लिपच्या चिन्हातून 'डॉक्युमेंट' निवडून फाइल पाठव. २ जीबीपर्यंतची फाइल अशी जशीच्या तशी येते.

सहावी पायरी: पेनड्राइव्हचं ४ जीबीचं कोडं

फाइल ठीक आहे, पण पेनड्राइव्हवर कॉपी होताना 'फाइल फार मोठी आहे' असा संदेश येतो, आणि पेनड्राइव्ह तर ३२ जीबीचा, अर्ध्याहून जास्त रिकामा. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो तेव्हा असं होतं. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही.

फाइल केवढी होईल याचा अंदाज घेता येतो. व्हिडिओ सेकंदाला १० मेगाबिटचा असेल तर त्याला ८ नं भागा: सव्वा एमबी. मिनिटाला ७५ एमबी, तासाला साडेचार जीबी. म्हणजे चांगल्या दर्जाचा तासाभराचा कार्यक्रम फॅट३२वर मावत नाही.

पेनड्राइव्हवरचं सगळं आधी दुसरीकडे घेऊन ठेवा, कारण पुढच्या कृतीत तो कोरा होतो. मग त्यावर उजवं क्लिक, 'फॉरमॅट', आणि 'फाइल सिस्टिम'मध्ये एक्सफॅट निवडा. टीव्हीला एक्सफॅट कळत नसेल तर एनटीएफएस करून पाहा. तेही नाही चाललं तर परत फॅट३२ करून व्हिडिओचे दोन भाग करा. एव्हिडेमक्समध्ये 'ए' आणि 'बी' खुणा लावून 'कॉपी'वर ठेवून कापता येतं.

जुन्या तबकड्या

टीव्हीवर मंगळागौर लागली, त्यानंतर आत्यानं कपाटातून एक पिशवी काढली. तिच्या मुलीच्या लग्नाच्या तीन डीव्हीडी, २००६ च्या. लग्नाचे असे व्हिडिओ महाराष्ट्रात घरोघरी आहेत, आणि घरी किंवा स्टुडिओत 'बर्न' करून बनवलेल्या तबकड्या कायम टिकत नाहीत; त्यांच्यातला रंगाचा थर हळूहळू खराब होतो. तुमच्याकडे असतील तर या महिन्यातच उतरवून घ्या.

डीव्हीडी संगणकात घातली की 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर दिसतो. आत बऱ्याच फाइली असतात. आयएफओ आणि बीयूपी मेनू आणि क्रमाच्या. खरा व्हिडिओ व्हीओबीमध्ये, तोही सुमारे एकेक जीबीच्या तुकड्यांत. आधी तो अख्खा फोल्डर हार्ड डिस्कवर जसाच्या तसा कॉपी करा. ही झाली मूळ प्रत, तिला पुन्हा हात लावायचा नाही. मग हँडब्रेकमध्ये व्हीओबी एकेक न देता पूर्ण फोल्डर उघडा, म्हणजे तुकडे आपोआप जोडले जातात. प्रीसेट 'फास्ट ५७६पी२५'. आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, ते १०८०ला ताणून काही नवीन दिसत नाही. हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसत असतील तर 'फिल्टर्स'मध्ये 'डीइंटरलेस' चालू करा. त्या रेषा जुन्या कॅमेऱ्यांच्या पद्धतीमुळे येतात.

व्हीसीडी असेल तर 'एमपेगएव्ही' फोल्डरात डीएटी फाइल सापडेल. आत एमपेग-१ चित्र असतं, ३५२ बाय २८८. व्हीएलसी ते थेट दाखवतं. इथे शेपूट डीएटीचं एमपीजी केलं तर बऱ्याच प्लेअरमध्ये ते चालतं, आणि व्हीओबीचं एमपीजी केल्यावर काही टीव्हींवरही. कारण आतला जिन्नस त्यांना आधीपासून पचत असतो, फक्त अनोळखी शेपटामुळे ते फाइल यादीतच घेत नसतात. सोनूची युक्ती इथे कामी आली असती.

चरे पडलेली तबकडी मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. एका ड्राइव्हमध्ये अडकली तर दुसऱ्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. आत्याच्या तिसऱ्या तबकडीची चौथी व्हीओबी माझ्या संगणकावर अर्ध्यात थांबत होती. शेजारच्यांच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये ती पूर्ण उतरली.

फाइलींना नावं देताना तारीख आधी लिहा, वर्ष, महिना, दिवस या क्रमानं, म्हणजे फोल्डरात त्या आपोआप ओळीनं लागतात. बोलणं नीट ऐकू येत नसेल तिथे उपशीर्षकं जोडायची असतील तर ती एसआरटी या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहितात. व्हिडिओचं आणि एसआरटीचं नाव अगदी एकच ठेवा, फरक फक्त शेपटाचा. व्हीएलसी ती आपोआप उचलतं. मराठी असेल तर नोटपॅडमध्ये सेव्ह करताना 'एन्कोडिंग'मध्ये यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) निवडायला विसरू नका, नाहीतर प्रश्नचिन्हं दिसतील. चौकोन दिसले तर व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये सबटायटल्सचा फॉन्ट मंगल किंवा निर्मला यूआय करा.

त्या चौथ्या तुकड्यात पंगत होती, आणि पंगतीत माझी आजी उखाणा घेत होती. सनईच्या आवाजात तिचे शब्द बुडाले होते. आत्यानं चार वेळा मागे नेऊन ऐकले आणि सांगितले, मी ते यूटीएफ-८ मध्ये टाइप केले. आता फोल्डरात दोन फाइली शेजारी शेजारी आहेत: '२००६-०५-१२_आजीचा-उखाणा.एमपी४' आणि '२००६-०५-१२_आजीचा-उखाणा.एसआरटी'.